मीटर न लावता रोबो दुरुस्त करण्याची सोपी पद्धत
(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

प्रस्तावना

रोबो बनवण्याची लहर माणसाला कोणत्याही वयात येऊ शकते. पुण्याने 2008 आणि 2014 अशी दोनदा आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा भरवली. तेव्हा आपल्या घरातही एखादा रोबो जन्माला यायला हरकत नाही, असे इकडच्या मंडळींना वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही. सामान फार लागत नाही. दोन पिवळ्या बीओ मोटरी, पुढे एक कॅस्टर, मोटरी फिरवायला एल-293-डी, पट्टी बघायला सेन्सर, डोके म्हणून ॲटमेगा-328, त्या डोक्याला पाच व्होल्ट द्यायला 7805 आणि या सगळ्यांना पोसायला एक चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. झाला काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर!

हा रोबो जमिनीवर ठेवला की वीतभर पुढे जातो, थांबतो, बोर्डवरचा दिवा लुकलुकतो, रोबो पुन्हा वीतभर जातो आणि पुन्हा थांबतो. हा सप्लायचा दोष आहे, हे कोणीही अनुभवी माणूस दारातूनच सांगेल. म्हणून अनुभवी माणसाला दारात उभे करू नये. त्याने मीटर लावला तर दहा मिनिटांत निकाल लागतो आणि उरलेल्या सुट्टीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. तो उभा राहू नये, एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू आहे.

साहित्य

1. बोर्ड. बाजारात मिळणारा झिरो पीसीबी चालेल, पण घरी बनवलेल्याची शान वेगळी. त्यासाठी गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढावी, ती तांब्याच्या पत्र्यावर उलटी ठेवून इस्त्रीने दाबावी आणि फेरिक क्लोराइडमध्ये पत्रा हलवत बसावे. इस्त्री आईची घ्यावी. न विचारता घ्यावी. फेरिक क्लोराइडचा तांबूस डाग मोरीच्या फरशीवर पडतो आणि जात नाही. सगळ्या प्रोजेक्टमध्ये पक्के बसलेले असे तेवढेच.

2. 25 वॅटचे सोल्डरिंग आयर्न. ते वायरीला धरून कधी उचलू नये, असे कुठेही लिहिलेले नसते, कारण ते प्रत्येकाला पहिल्या दिवशी उलट टोकाकडून कळते.

3. पिवळा मल्टिमीटर. हा घरात असणे आवश्यक आहे. डब्यातून काढणे आवश्यक नाही.

4. एक शेजारचे काका. यांचा उपयोग सहाव्या पायरीत सांगितला आहे.

पायरी 1: प्रोग्रॅमवर संशय घ्या

रोबो अडखळला की प्रथम लॅपटॉप उघडावा, कारण लॅपटॉप समोर असतो आणि मीटर कपाटात. प्रोग्रॅममधला डिले 100 चा 200 करावा, मग 500. एखादी ओळ काढून टाकावी, थोड्या वेळाने तीच परत घालावी. मित्राने लिहिलेला भाग असेल तर त्यातले स्पेलिंग तपासावे. मन रमते.

या पायरीत एक अडचण येऊ शकते. यूएसबी केबल लावून, चाके अधांतरी राहतील असा रोबो पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला की तो झकास चालतो. केबल काढून जमिनीवर ठेवला की अडतो. यावरून गटातला एखादा चिकित्सक मुलगा म्हणेल, की प्रोग्रॅम तर तोच आहे. बदलला तो सप्लाय आणि मोटरींवरचा भार. अशा मुलाला पोस्टर चिकटवण्याच्या कामाला लावावे आणि केबलसकट स्पर्धेत उतरता येते का, ते नियमावलीत पाहावे.

ईएसपी-32 वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. हा बोर्ड चहाडखोर आहे. व्होल्टेज पडले की 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असे तो सीरियल मॉनिटरवर स्वच्छ लिहून दाखवतो. यावर एक रामबाण उपाय आहे. तो डिटेक्टरच बंद करणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये टाकता येते, ती टाकावी. तक्रार करणाऱ्याचे तोंड बांधले की तक्रार मिटते, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे.

पायरी 2: बॅटरीवर श्रद्धा ठेवा

बॅटरीवर नऊ व्होल्ट असे छापलेले असते. छापील गोष्टीवर विश्वास ठेवावा. शिवाय 'कालच आणलीय' हा युक्तिवाद बिनतोड आहे. कोणी फारच हट्ट केला आणि मोजावे लागले, तर बॅटरी सुटी करून मोजावी. तेव्हा ती नऊच्या वरच दाखवते आणि सगळ्यांचे समाधान होते.

मोटरी सुटत असताना मात्र मोजू नये. ही चौकोनी बॅटरी धुराची घंटा, मल्टिमीटर अशा अल्पाहारी यंत्रांसाठी असते. तिच्या पोटात सहा लहान सेल दाटीवाटीने बसलेले असतात आणि त्यांचा मिळून दीड-दोन ओहम अंतर्गत रोध असतो. वापरून वापरून तो वाढतच जातो. इकडे मोटर जागची हलताना सगळ्यात जास्त करंट ओढते. दोघींनी मिळून एक ॲम्पिअर मागितला तर दोन व्होल्ट बॅटरीच्या पोटातच गडप. उरले सात. 7805 ला बाहेर पाच द्यायला आत निदान सात लागतात, म्हणजे कोरी बॅटरीसुद्धा काठावर. जरा वापरलेली असेल तर आत सहा येतात, बाहेर जेमतेम चार जातात. 16 मेगाहर्ट्झवर पळणाऱ्या ॲटमेगाची डेटाशीटप्रमाणे खालची हद्द 3.8 व्होल्टच्या आसपास आहे. व्होल्टेज तिच्या खाली गेले की तो रीसेट तरी होतो, नाहीतर भलतेच काही बरळतो. रीसेट झाला की मोटरी थांबतात, भार उतरतो, व्होल्टेज सावरते, प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो, मोटरी पुन्हा सुटतात. वीतभर चालण्याचे रहस्य एवढेच आहे.

एल-293-डी तर आपली दलाली म्हणून दोन-अडीच व्होल्ट वाटेतच कापून घेतो. मोटरीला मिळते ते उरलेसुरले. हा सगळा हिशेब ज्या नियमावर चालतो, तो गेओर्ग ओहमने 1827 साली छापला. इतक्या जुन्या गोष्टीत वेळ घालवण्यापेक्षा त्याच जातीची दुसरी नवी बॅटरी आणावी.

ज्यांना आधुनिक व्हायचे आहे त्यांनी 18650 आकाराचे लिथियम सेल घ्यावेत आणि तेही वेष्टणावर 9900 एमएएच छापलेले. या आकाराचा चांगल्या कंपनीचा सेल साधारण दोन ते साडेतीन हजारांचा असतो. पण तिप्पट आकडा छापायला जास्तीची शाई लागत नाही.

पायरी 3: 7805 ला राबवा, वर हिट सिंक देऊ नका

नऊ व्होल्टने भागत नाही असे कळले की थेट बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी लावावी. जुना प्रश्न सुटतो आणि नवा मिळतो. 7805 हा जास्तीचे व्होल्टेज साठवून ठेवत नाही, उष्णता करून उधळतो. बारातले पाच पुढे गेले, सात उरले. पुढे अर्धा ॲम्पिअर जात असेल तर सात गुणिले अर्धा, म्हणजे साडेतीन वॅट त्या नखाएवढ्या चिपमध्ये जळतात. हिट सिंक नसेल तर दर वॅटमागे चिपचे तापमान पन्नास-साठ अंशांनी चढते. गुणाकार वाचकांनी स्वतः करावा, बोट लावून करू नये.

7805 मात्र मरत नाही. तो शहाणा आहे. फार तापला की स्वतःच सप्लाय तोडतो, निवला की परत देतो. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या दिवशी एक विलक्षण दृश्य दिसते. सकाळपासून नाचणारा रोबो एक्स्टर्नल परीक्षक समोर येताच निपचित पडतो आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले की उठून चालू लागतो. मुले याला नशीब म्हणतात. अशा नशिबाला हिट सिंक लावावा लागतो.

पायांच्या क्रमाचेही फार मनावर घेऊ नये. 7805 ची छापील बाजू आपल्याकडे केली तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. 7905 दिसायला हुबेहूब तसाच, पण तो उणे व्होल्टेजचा आणि त्याचा क्रम ग्राउंड, इनपुट, आउटपुट. एलएम-317 चा क्रम आणखी तिसराच. दिसतात सारखे, तर असतीलही सारखे, या विश्वासाने बसवावेत.

उष्णतेचा कंटाळा आलेल्यांसाठी एलएम-2596 चे तयार बक मॉड्यूल मिळते. ते व्होल्टेज जाळत नाही, वेगाने चालू-बंद करून उतरवते, म्हणून फारसे तापत नाही. त्यावर एक छोटा पितळी स्क्रू असतो. त्याने आउटपुट ठरते. नवशिक्याने आधी मॉड्यूल बोर्डला जोडावे आणि मग स्क्रू फिरवायला घ्यावा. ॲटमेगाची सहनशक्ती सहा व्होल्टपर्यंतच असते. स्क्रू कोणत्या बाजूला फिरवल्यावर व्होल्टेज कमी होते हे आपल्याला कळेपर्यंत तो कामी आलेला असतो.

पायरी 4: कपॅसिटर ही अंधश्रद्धा माना

सर्किटच्या आकृतीत एका कोपऱ्यात पाच-सहा कपॅसिटर ओळीने काढलेले असतात. त्यांचा कोणाशी संबंध दिसत नाही, म्हणून ते वगळावेत. अगदीच मन खात असेल तर आकृतीत कोपऱ्यात आहेत म्हणून बोर्डवरही कोपऱ्यातच लावावेत. खरे तर ती प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पायाला अगदी खेटून बसवायची मंडळी आहेत. 104 असा आकडा असलेला चपटा कपॅसिटर म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. आयसीला एका क्षणात लागणारा करंट तो हाताशी ठेवतो. हाताशी म्हणजे हाताशी, चार इंचांवर नव्हे. मोटरीच्या दोन टोकांवर असाच एक 104 लावला की ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट बराच आत राहतो. आणि सप्लायवर 1000 मायक्रोफॅरडचा मोठा इलेक्ट्रोलिटिक लावला तर मोटर सुटतानाचा एखादा झटका तो झेलतो. मेलेली बॅटरी मात्र त्याला जिवंत करता येत नाही.

या मोठ्या कपॅसिटरच्या अंगावर एक पट्टा असतो. तो पट्टा उणे बाजूचा. पट्टा आहे म्हणजे प्लसच असणार असे धरून उलटा लावल्यास आधी तो फुगतो, मग फटकन आवाज येतो, कागदाचे तुकडे उडतात आणि खोलीभर असा वास सुटतो की इस्त्री कुठे गेली याचा शोध आई त्याच क्षणी लावते.

पायरी 5: ग्राउंडची भानगड ठेवू नका

मोटरींना एक बॅटरी आणि कंट्रोलरला दुसरी, हा विचार उत्तम आहे. फक्त दोघींची ओळख करून देऊ नये. दोन्ही बॅटऱ्यांची उणे टोके एकमेकांना जोडली तर कंट्रोलरचा इशारा मोटर ड्रायव्हरला बरोबर समजू लागतो आणि मजा संपते. न जोडल्यास मोटरी कधी फिरतात, कधी थरथरतात, हात जवळ नेला की वेगळेच वागतात. यावर दोन दिवस चर्चा करता येते.

जोडण्याही अशाच मोघम ठेवाव्यात. स्क्रूच्या कनेक्टरमध्ये वायर नीट न सोलता घालावी, म्हणजे स्क्रू तांब्याऐवजी प्लॅस्टिकला घट्ट धरतो. ओढून पाहिली तर वायर हलत नाही आणि करंटही. ब्रेडबोर्ड वापरत असाल तर कडेची लाल-निळी पट्टी बऱ्याच बोर्डांत मध्यावर तुटलेली असते, तिकडे दुर्लक्ष करावे. घरी केलेल्या पीसीबीवर फेरिक क्लोराइडने एखादी रेघ केसाएवढी खाल्लेली असते. बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरला की तिथून उजेडाची बारीक फट दिसते, म्हणून तो कधी उजेडासमोर धरू नये. सोल्डरचा टाका चकचकीत आणि पायाला चढत गेलेला दिसला तर तो लागला आहे. मळकट गोळी होऊन नुसता टेकला असेल तर तो ड्राय. असे दोन-चार टाके राखून ठेवावेत. टेबलावर थाप मारली की रोबो सुरू होतो, तो यांच्याच कृपेने.

पायरी 6: काकांना बोलवा

वीज मंडळातून निवृत्त झालेले काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. ते येताना खिशात टेस्टर घेऊन येतात. टेस्टर 7805 च्या पायाला लावतात, डोक्यावर बोट ठेवतात आणि मान हलवतात.

"सप्लायच नाहीये तुझ्याकडे."

"काका, बारा व्होल्टची बॅटरी आहे. डीसी आहे."

"डीसी असू दे नाहीतर एसी. दिवा लागला पाहिजे की नको?"

त्या टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला याच्या कितीतरी पट व्होल्ट लागतात. बारावर तो पेटणार नाही आणि पाचवर तर नाहीच. हे काकांना सांगू नये, चहा सांगावा. चहा घेता घेता काका विचारतात, "बरं, अर्थिंग सगळीकडचं एकत्र केलंयस ना?" यावर गालातल्या गालात हसावे. पाचव्या पायरीतला दोष काकांनी नकळत सांगून टाकला आहे, हे ध्यानात येऊ देऊ नये.

पायरी 7: सगळेच नवे आणा

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड गाठावा. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, हे जाता जाता वाचून होते. पुणेकरांनी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शिरावे. काउंटरवर गर्दीत उभे राहून पुढीलप्रमाणे बोलावे.

"एल-293-डी द्या. आणि 7805. आणि ॲटमेगापण."

"काय झालं, उडाले का सगळे?"

"रोबो चालत नाहीये."

"व्होल्टेज किती येतंय?"

इथे गप्प राहावे. दुकानदार वर बघत नाही. तो डबे काढू लागतो, कारण असे उत्तर देणारी गिऱ्हाइके त्याच्या परिचयाची असतात. घरी येऊन नवे आयसी त्याच बॅटरीवर, त्याच वायरींनी लावावेत. रोबो वीतभर पुढे जाईल.

खरोखरीची सूचना

एवढी एक गोष्ट थट्टेत घेऊ नका. लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर एका क्षणात प्रचंड करंट सोडते, वायर लाल होते आणि आग लागू शकते. म्हणून प्लसच्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज घाला. सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करू नका आणि तीनच्या खाली उतरवू नका. चार्जिंग सुरू ठेवून झोपू नका. फुगलेली लिपो बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, परत चार्ज करायची नाही. सप्लायमध्ये हात घालण्याआधी बॅटरीचा प्लग काढा. नुसत्या स्विचवर भरवसा नको.

परिशिष्ट: नाइलाजच झाला तर

स्पर्धा उद्यावर आली, काका गावाला गेले आणि दुकाने बंद आहेत, अशा प्रसंगी मीटर काढावा लागतो. तेव्हा या क्रमाने जावे.

एक, बॅटरी काढून ठेवा. मीटर बीपवर आणा आणि टोके बोर्डच्या प्लस आणि ग्राउंडवर टेकवा. क्षणभर बीप होऊन थांबला तर घाबरू नका, मोठा कपॅसिटर भरतो आहे. बीप चालूच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत बॅटरी लावायची नाही.

दोन, लाल वायर मीटरच्या व्होल्टच्या भोकात आहे ना ते पाहा. ती 10 ॲम्पिअरच्या भोकात राहिली आणि टोके बॅटरीला लावली, तर मीटर मोजत नाही, बॅटरी शॉर्ट करतो. मीटर डीसी 20 वर ठेवा.

तीन, काळे टोक ग्राउंडवर टेकवून लाल टोक बॅटरीपासून पुढे पुढे न्या: बॅटरी, स्विचच्या पलीकडे, 7805 चा इनपुट, त्याचा आउटपुट, आणि शेवटी थेट ॲटमेगाचा पाय क्रमांक 7. काळे टोक आता त्याच्याच पाय क्रमांक 8 वर. बोर्डच्या टोकाला पाच असतात आणि चिपच्या पायावर सव्वाचार, हे घरच्या पीसीबीवर काही नवे नाही. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा पडला, दोष त्या दोन जागांच्या मध्ये आहे.

चार, आणि हेच महत्त्वाचे. वरचे सगळे मोटरी चालू असताना पुन्हा करा. एक चाक हाताने क्षणभर अडवा आणि आकडा कुठे जातो ते पाहा. पाचचा 4.9 झाला तर सप्लाय ठीक आहे. चाराकडे घसरला तर प्रोग्रॅम, मित्र, दुकानदार आणि नशीब हे चौघेही निर्दोष सुटले. साधा मीटर फार झटपट पडझड पकडत नाही, म्हणून आकडा किंचित डुलताना दिसला तरी ती कबुली समजा.

पाच, बॅटरी मोटरीच्या भुकेप्रमाणे निवडा, 7805 तापत असेल तर हिट सिंक किंवा बक मॉड्यूल लावा, आणि बक मॉड्यूल लावलेत तर बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून पाच व्होल्टवर आणा.

एवढे करून झाल्यावर कोणी तुमच्या रोबोकडे बघून "सप्लाय ठीक आहे, मी बघितलाय" असे म्हणाले, तर त्याला एकच विचारा: मोटर चालू होती का? उत्तर 'नाही' असे आले, तर त्याला लॅपटॉप द्या आणि डिले बदलायला बसवा. मीटर तुमच्याकडे ठेवा.